कामासाठी नवा स्मार्टफोन घेताना होणारा मनस्ताप: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डझनभर मॉडेलं पाहिली, परीक्षणं वाचली, तरी काही ठरत नाही. सुरुवात कुठून करायची?

मॉडेलं बाजूला ठेवा आणि आधी कागदावर कामं लिहा. हा फोन दिवसभर काय करणार आहे? फक्त फोन, मेल आणि व्हॉट्सॲप? ऑर्डरचं किंवा हजेरीचं ॲप? बारकोड वाचणं, पावतीच्या छोट्या प्रिंटरला जोडणं, साइटवर उन्हात फोटो काढणं? प्रत्येक कामासमोर ते ज्या ॲपवर चालतं त्याचं नाव आणि त्या ॲपला लागणारी अँड्रॉइडची किंवा आयओएसची किमान आवृत्ती लिहा. ती ॲपच्या उत्पादकाकडे मिळते. प्रिंटर, स्कॅनर, कार्ड स्वाइपचं यंत्र अशी जोडउपकरणं असतील तर ती कोणत्या फोनवर चालतात हेही विचारून घ्या. ही यादी झाली की निम्मी मॉडेलं आपोआप गळतात.

परीक्षणांमध्ये कॅमेरा, गेम आणि बेंचमार्क (वेगाच्या चाचण्या) यांवर पानंच्या पानं असतात. धंद्याच्या फोनला खरा त्रास तिसऱ्याच गोष्टी देतात: अपडेट किती वर्षं मिळणार, मेसेज वेळेवर येतो का, आणि फोनमधलं खातं नेमकं कोणाच्या मालकीचं आहे. खोक्यावर यातलं बहुतेक काही छापलेलं नसतं. म्हणून पुढे जास्त जागा याच तिघांना दिली आहे.

‘सात वर्षं अपडेट’ लिहिलेला फोन घेतला. म्हणजे आजपासून सात वर्षं निर्धास्त?

नाही, आणि सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. मुदत तुम्ही फोन विकत घेतल्यापासून मोजत नाहीत, तो बाजारात आल्यापासून मोजतात. गुगलने पिक्सेल ८ ऑक्टोबर २०२३ मध्ये आणला आणि सात वर्षांचं आश्वासन दिलं, म्हणजे शेवट ऑक्टोबर २०३०. सॅमसंगने जानेवारी २०२४ मध्ये आलेल्या गॅलेक्सी एस२४ मालिकेपासून सात वर्षं जाहीर केली. अशा फोनची किंमत दोन वर्षांनी उतरली म्हणून तो घेतला, तर हातात पाचच वर्षं उरतात. पाच वर्षंही पुष्कळ झाली, पण हिशेब त्यांचाच मांडायचा.

आश्वासनाचेही दोन भाग असतात. एक, अँड्रॉइडची नवी आवृत्ती. दोन, सुरक्षेच्या दुरुस्त्या. स्वस्त फोनना नव्या आवृत्त्या दोनच मिळतात आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या चार वर्षं, असं अनेकदा दिसतं. कामाच्या फोनला दुसरा आकडा महत्त्वाचा. दुरुस्त्या दर महिन्याला येतात की तीन महिन्यांनी, हेही विचारा. काही उत्पादक सुरुवातीला दर महिन्याला देतात आणि फोन जुना झाला की तिमाहीवर जातात.

दुकानात ठेवलेल्या नमुन्यावर हे मिनिटात तपासता येतं. सेटिंग्जमध्ये ‘फोनविषयी’, त्यात अँड्रॉइडची आवृत्ती, त्याखाली सुरक्षा अपडेटची तारीख. फोन इंटरनेटला जोडून अपडेट शोधायला लावा. सगळं घेऊनही तारीख सहा महिने जुनीच राहिली, तर आश्वासन काहीही असो, त्या मॉडेलकडे उत्पादकाचं लक्ष नाही असं समजा.

दोन फोनांची तुलना करायला साधा भागाकार पुरतो. किंमत भागिले सुरक्षा अपडेटचे उरलेले महिने. वरवर महाग वाटणारा फोन या हिशेबात कितीदा तरी स्वस्त ठरतो.

एकाच नावाचे दोन फोन, एकावर नेटवर्क येतं, दुसऱ्यावर नाही. असं कसं?

जाहिरातीतलं नाव आणि मॉडेल क्रमांक या वेगळ्या गोष्टी आहेत. एकाच नावाखाली वेगवेगळ्या प्रदेशांसाठी वेगळे फोन निघतात. नेटवर्कचे बँड (रेडिओलहरींचे पट्टे) वेगळे असतात, सिमची सोय वेगळी असते, कधी प्रोसेसरसुद्धा वेगळा असतो. गॅलेक्सी एस२४ काही ठिकाणी एक्सिनॉस चिपवर विकला गेला, काही ठिकाणी स्नॅपड्रॅगनवर. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोन १४ पासून सिमकार्डाची खाचच नाही, फक्त ई-सिम, म्हणजे फोनमध्येच बसवलेलं सिम. म्हणून ऑर्डरमध्ये नावासोबत पूर्ण मॉडेल क्रमांक लिहून घ्या, आणि तो तुमच्या मोबाइल कंपनीच्या बँडांशी ताडून पाहा.

बँड जुळले म्हणजे काम झालं असंही नाही. ४जीवरून साधा कॉल जाण्यासाठी व्होल्टी लागतं, आणि ते त्या मोबाइल कंपनीसाठी फोनमध्ये सुरू केलेलं असावं लागतं. दुसऱ्या प्रदेशातून मागवलेल्या फोनवर इंटरनेट झकास चालतं, पण कॉल लावला की फोन २जी किंवा ३जीवर उतरतो. जिथे ती जुनी नेटवर्कं बंद झाली आहेत तिथे कॉल लागतच नाही. तपासायला स्वतःचं सिम घाला, वायफाय बंद करा, कॉल लावा आणि बोलताना वरच्या पट्टीकडे पाहा. ४जीचं चिन्ह जाऊन जुन्या नेटवर्कचं चिन्ह आलं, तर फोन परत द्या. सेटिंग्ज बदलून हे सुटेल या आशेवर परतीची मुदत घालवू नका.

दोन सिम आहेत, तरी ग्राहक म्हणतात ‘तुमचा फोन लागत नाही’.

बहुतेक दोन सिमच्या फोनांत दोन्ही सिम सज्ज असतात, पण बोलायला रेडिओ एकच. एका सिमवर बोलणं चालू असताना दुसरं सिम नेटवर्कच्या दृष्टीने संपर्काबाहेर जातं. उपाय कॉल फॉरवर्डिंगचा आहे. पहिल्या नंबरवर ‘संपर्काबाहेर असेल तर’ या अटीसाठी दुसरा नंबर टाका आणि दुसऱ्यावर पहिला. दोन्हीकडे कॉल वेटिंग सुरू ठेवा. मग बोलता बोलता दुसऱ्या नंबरचा कॉलही चालू सिमवर प्रतीक्षेत दिसतो. काही फोनांत हीच सोय तयार पर्याय म्हणून असते. फॉरवर्ड झालेल्या कॉलचे पैसे लागतात का, तेवढं मोबाइल कंपनीला विचारा.

आणखी एक अडचण घेतल्यावर लक्षात येते. ‘दोन सिम आणि मेमरी कार्ड’ असं लिहिलेलं असतं, पण ट्रेमध्ये दुसरं सिम आणि मेमरी कार्ड यांची जागा एकच असते. एकाच वेळी दोन्ही बसत नाहीत.

ई-सिम घ्यावं का?

प्रवास करणाऱ्याला फार सोयीचं. पण फोन फुटला तर साधं सिम काढून दुसऱ्या फोनात मिनिटात घालता येतं, ई-सिम येत नाही. त्याचा क्यूआर कोड सहसा एकदाच चालतो आणि नव्या फोनासाठी मोबाइल कंपनीकडे पुन्हा जावं लागतं. म्हणून धंद्याचा मुख्य नंबर साध्या सिमवर आणि दुसरा ई-सिमवर, हा विभागणीचा मार्ग आम्हाला सुरक्षित वाटतो.

१२८ जीबी पुरेल का? आणि ‘८ + ८ जीबी रॅम’ म्हणजे १६ का?

रॅमचं आधी. दुसरे ८ जीबी रॅम नाहीतच. तो साठवणुकीतला तुकडा आहे, रॅमसारखा वापरलेला. साठवणूक रॅमपेक्षा कितीतरी संथ, त्यामुळे त्याने फोन वेगवान होत नाही. फार तर मागची ॲप्स थोडी उशिरा बंद होतात. खरी रॅम ८ जीबी घ्या. मेल, व्हॉट्सॲप, नकाशा आणि एक-दोन कामाची ॲप्स एकत्र चालवायची तर ४ जीबीवर आज निभाव लागत नाही.

साठवणुकीचा आकडाही पूर्ण हातात येत नाही. प्रणाली आणि आधीच भरलेली ॲप्स मिळून २० ते ३० जीबी जाऊ शकतात. त्यात अपडेट उतरायला आणि उलगडायला काही जीबी मोकळे लागतात. फोन काठोकाठ भरला की अपडेट अडतं, कॅमेरा फोटो जतन करायला नकार देतो आणि सगळंच जड होतं. व्हॉट्सॲपच्या गटांतून फोटो आणि व्हिडिओ येत असतील तर २५६ जीबीच घ्या. मेमरी कार्डाच्या भरवशावर कमी साठवणुकीचा फोन घेणं चुकतं, कारण बहुतेक कामाची ॲप्स आपला डेटा कार्डावर ठेवत नाहीत.

नवा फोन, चांगलं नेटवर्क, तरी मेसेज आणि मेल अर्ध्या तासाने एकदम येतात. फोन बिघडला आहे का?

फोन ठीक आहे. तो बॅटरी वाचवतो आहे, आणि त्या भरात तुमचं काम अडवतो आहे. २०१५ च्या अँड्रॉइड ६ पासून स्क्रीन बंद असताना फोन ॲप्सना झोपवतो. त्यावर अनेक उत्पादकांनी आपापले आणखी कडक नियम चढवले. काही फोनांत अलीकडच्या ॲप्सच्या यादीतून एखादं ॲप सरकवून बंद केलं की ते सक्तीने थांबवल्यासारखं होतं, आणि पुन्हा उघडेपर्यंत त्याची एकही सूचना येत नाही. ‘सगळं साफ करा’ हे बटण दाबायची सवय असलेल्यांना हा त्रास सगळ्यात जास्त.

प्रत्येक कामाच्या ॲपसाठी हे करा:

१. सेटिंग्ज, ॲप्स, ते ॲप, बॅटरी. तिथे ‘अप्रतिबंधित’ निवडा.
२. ‘ऑटोस्टार्ट’ किंवा ‘आपोआप सुरू होऊ द्या’ असा पर्याय असेल तर तो चालू करा. तो बऱ्याचदा वेगळ्याच ठिकाणी, सुरक्षेच्या ॲपमध्ये दडलेला असतो.
३. सॅमसंगवर बॅटरीच्या सेटिंग्जमध्ये ‘झोपलेली ॲप्स’ आणि ‘खोल झोपेतली ॲप्स’ अशा याद्या असतात. त्यातून ॲप काढा आणि ‘कधीही न झोपणारी’ या यादीत टाका.
४. अलीकडच्या ॲप्सच्या यादीत त्या ॲपवर कुलुपाचा पर्याय असेल तर लावा.
५. मोबाइल डेटाच्या पानावर ‘पार्श्वभूमीत डेटा वापर’ आणि ‘डेटा बचत असतानाही परवानगी’ हे दोन्ही चालू ठेवा.

नंतर परीक्षा घ्या. स्क्रीन बंद करून फोन दोन तास टेबलावर ठेवा आणि दुसऱ्या फोनवरून मेसेज, मेल आणि कामाच्या ॲपची सूचना पाठवा. तिन्ही मिनिटाच्या आत आली पाहिजेत. मोठं अपडेट आल्यावर ही परीक्षा पुन्हा घ्या, कारण काही फोनांत अपडेटनंतर या परवानग्या मूळपदावर जातात. माणूस साइटवर कुठे आहे ते नोंदवणाऱ्या ॲपला स्थानाची परवानगी ‘नेहमी’ अशी लागते. ‘वापरात असताना’ एवढीच दिली तर नोंदीत खड्डे पडतात आणि दोष बिचाऱ्या कर्मचाऱ्यावर येतो.

आयफोनवर हा त्रास कमी आहे. पण लो पॉवर मोड चालू असला की मेल आपोआप उतरायची थांबते, हे ध्यानात ठेवा.

ग्राहकांचे कॉल रेकॉर्ड करायचे आहेत. जुन्या फोनवर चालायचं, नव्यावर का नाही?

कारण गुगलने ११ मे २०२२ पासून प्ले स्टोअरवरच्या ॲप्सना ॲक्सेसिबिलिटीच्या (अपंगांसाठीच्या सोयींच्या) वाटेने कॉल रेकॉर्ड करायला मनाई केली. आता ही सोय फोनच्या मूळ डायलरमध्ये (कॉल लावायच्या ॲपमध्ये) असेल तरच भरवशाची, आणि ती प्रदेशानुसार असते किंवा नसते. गुगलचा डायलर रेकॉर्डिंग सुरू झाल्याची घोषणा समोरच्याला ऐकवतो. आयफोनवर ही सोय ऑक्टोबर २०२४ च्या आयओएस १८.१ मध्ये आली, तीही घोषणेसह. विक्री किंवा तक्रार विभागाला रेकॉर्डिंग हवंच असेल तर ते फोनवर न ठेवता टेलिफोन सेवेच्या पातळीवर घ्या. फोन बदलला तरी ते टिकतं. समोरच्याची संमती आणि कायदा यांचा विचार मात्र दोन्हीकडे लागतोच.

खोक्यात चार्जर नाही. जुना चालेल का?

चालेल, पण कदाचित संथ. ॲपलने २०२० च्या आयफोन १२ पासून चार्जर देणं थांबवलं आणि बाकी बरेच उत्पादक त्या वाटेने गेले. आता यूएसबी-सी सगळीकडे आहे, तरी आतली भाषा एक नाही. यूएसबी पॉवर डिलिव्हरी ही सामायिक पद्धत, पीपीएस हा तिचा पुढचा भाग, आणि त्याशिवाय काही उत्पादकांच्या स्वतःच्या जलद पद्धती. सॅमसंगचा जलद चार्ज पीपीएस असलेल्या चार्जरवरच पूर्ण वेगाने होतो. स्वतःची पद्धत असलेला फोन परक्या चार्जरवर जाहिरातीतल्या वेगाच्या निम्म्याहूनही खाली येऊ शकतो.

केबलही तपासा. साधी यूएसबी-सी केबल ३ अँपिअर, म्हणजे ६० वॉटपर्यंत. त्यापुढे ५ अँपिअरची, आत ओळखचिप असलेली केबल लागते. कार्यालयात वेगवेगळे फोन असतील तर पॉवर डिलिव्हरी आणि पीपीएस दोन्ही असलेले एकाच प्रकारचे चार्जर घ्या. ‘माझा चार्जर कोणी नेला’ हा रोजचा वाद मिटतो.

फोनमधून संगणकावर व्हिडिओ उतरवणाऱ्यांसाठी: यूएसबी-सी खाच म्हणजे जलद खाच नव्हे. साध्या आयफोन १५ चा वेग ४८० मेगाबिटच आहे, तर १५ प्रोचा १० गिगाबिटपर्यंत. पहिल्यावर १०० जीबी उतरवायला पाऊण तासाच्या आसपास लागतो. अनेक मध्यम किमतीच्या अँड्रॉइड फोनांचंही तसंच, आणि त्यांवरून केबलने प्रोजेक्टरला चित्र जात नाही. सादरीकरण करणाऱ्याने हे आधी विचारावं.

बॅटरी किती दिवस टिकते, यापेक्षा किती वर्षं टिकते हे कसं कळेल?

चार्जचक्रांचा आकडा शोधा. शंभर टक्के वापर, मग तो एका दिवसात होवो की दोन दिवसांत, म्हणजे एक चक्र. ॲपलच्या म्हणण्याप्रमाणे आयफोन १४ आणि आधीच्या बॅटऱ्या आदर्श परिस्थितीत ५०० चक्रांनंतर ८० टक्के क्षमता राखतात, आयफोन १५ पासूनच्या १००० चक्रांनंतर. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून नव्या स्मार्टफोनांना ८०० चक्रांनंतर किमान ८० टक्के क्षमता राखणं बंधनकारक आहे, म्हणून आता बरेच उत्पादक हा आकडा छापतात.

दिवसभर बाहेर फिरणारा माणूस रोज एक चक्र वापरतो. ५०० चक्रं म्हणजे जेमतेम १७ महिने. अशा फोनासाठी बॅटरी बदलण्याचा खर्च पहिल्याच दिवशी हिशेबात धरा. ८० टक्क्यांवर चार्ज थांबवण्याचा पर्याय असेल तर टेबलावरच्या फोनांना तो लावा. गाडीच्या काचेमागे, उन्हात, चार्जवर लावून नकाशा चालवणं हा बॅटरीचा सगळ्यात मोठा शत्रू. फोन वाऱ्याच्या झोताजवळ बसवला तरी फरक पडतो.

आयपी६८ आणि लष्करी दर्जा लिहिलेला फोन साइटवर टिकेल ना?

आयपी हा धूळ आणि पाणी रोखण्याचा दर्जा. आयपी६७ म्हणजे एक मीटर पाण्यात ३० मिनिटं. आयपी६८ ची खोली आणि वेळ उत्पादक स्वतः ठरवतो, म्हणून बारीक अक्षर वाचा. चाचणी नव्या फोनवर आणि गोड्या पाण्यात होते. साबण, खारं पाणी, वाफ त्यात धरलेली नाही, आणि पडून चौकट वाकली की आतलं सील गेलं. पाण्याने झालेलं नुकसान वॉरंटीत बहुधा बसत नाही.

लष्करी दर्जा, म्हणजे मिल-एसटीडी-८१०एच, हे चाचण्यांचं मोठं पुस्तक आहे. त्यातल्या कोणत्या चाचण्या केल्या हे उत्पादक निवडतो आणि प्रमाणपत्र देणारी स्वतंत्र संस्था नाही. किती उंचीवरून, कशावर आणि किती वेळा पाडून पाहिला, एवढं विचारा. साध्या फोनाला चांगलं कव्हर आणि काच हा बहुतेकांना पुरेसा उपाय आहे. हातमोजे घालून काम असेल किंवा दिवसाला शेकडो बारकोड वाचायचे असतील, तर मात्र त्याच कामासाठी बनवलेला फोन घ्या. कॅमेऱ्याने बारकोड वाचणं संथ, आणि मंद उजेडात त्याहून संथ.

कर्मचारी नोकरी सोडून गेला, फोन परत दिला, पण रिसेट केल्यावर त्याचंच खातं मागतो. आता?

ही चोरीविरुद्धची सोय आहे. अँड्रॉइडवर ५.१ पासून, आयफोनवर २०१३ च्या आयओएस ७ पासून. फोनमध्ये असलेलं खातं न काढता बाहेरून, म्हणजे रिकव्हरीच्या पडद्यावरून, रिसेट केला की फोन आधीच्या खात्याचा पासवर्ड मागतो. फोन तुमच्या पैशाचा, कुलूप त्याच्या नावाचं. आधी त्या माणसाला विनंती करा. त्याने आयक्लाउडवरून किंवा स्वतः येऊन खातं काढून दिलं तर पाच मिनिटांचं काम. संपर्क होत नसेल तर खरेदीचं बिल घेऊन उत्पादकाकडे अर्ज करा. ॲपल बिलावरून कुलूप काढण्याच्या विनंतीचा विचार करते. बिलावर आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) किंवा अनुक्रमांक नसेल तर तिथेच अडतं. पैसे घेऊन ‘अनलॉक’ करून देणाऱ्यांच्या वाटेला जाऊ नका. अशा फोनांत काय घातलं जातं हे तुम्हाला कळत नाही.

फोन परत घेताना क्रम असा ठेवा: त्याच्यासमोर फोन उघडायचा, सेटिंग्जमधून सगळी खाती काढायची, आयफोनवर ‘फाइंड माय’ (हरवलेला फोन शोधायची सोय) बंद करायचं, मग सेटिंग्जमधूनच रिसेट, आणि स्वागताच्या पडद्यापुढे जाऊन कोणतंही खातं मागत नाही याची खात्री. त्यानंतरच परतीच्या कागदावर सही.

कायमचा उपाय म्हणजे पहिल्या दिवशीच फोन तुमच्या कंपनीच्या नावाने नोंदवणं. अँड्रॉइडसाठी झिरो-टच, सॅमसंगसाठी नॉक्स मोबाइल एनरोलमेंट, ॲपलसाठी ॲपल बिझनेस मॅनेजर. यांत फोन रिसेट केला तरी पुन्हा तुमच्याच व्यवस्थापनाखाली उठतो. अडचण अशी की झिरो-टचची नोंद अधिकृत विक्रेताच करतो. साध्या दुकानातून घेतलेला फोन नंतर त्यात घालता येत नाही, म्हणून हे खरेदीआधी विचारायचं. आयफोन मात्र ॲपल कॉन्फिगरेटरने मागाहून घालता येतो. पहिले ३० दिवस वापरणारा त्यातून बाहेर पडू शकतो, तेवढे दिवस फोन हाताशी ठेवा.

पाच-सहाच फोन असतील तर मधला मार्ग आहे. नव्या अँड्रॉइडच्या स्वागताच्या पडद्यावर एकाच जागी सहा वेळा टॅप केलं की क्यूआर स्कॅनर उघडतो. व्यवस्थापनाच्या सेवेने (अनेक फोन दुरून सांभाळणाऱ्या सेवेने) दिलेला कोड तिथे दाखवला की फोन तुमच्या कंपनीचा म्हणून नोंदतो. हे फक्त नव्या किंवा रिसेट केलेल्या फोनवर होतं. एकदा कोणी आपलं खातं घालून पुढे गेला की पुन्हा रिसेटच करावा लागतो.

कर्मचारी स्वतःच्या फोनवर काम करायला तयार आहे, पण ‘कंपनी माझे फोटो पाहील’ अशी भीती वाटते.

भीती रास्त आहे आणि तिला उत्तर द्यायला हवं. अँड्रॉइडचा वर्क प्रोफाइल याच कामाचा आहे. कामाची ॲप्स वेगळ्या कप्प्यात राहतात, त्यांच्या चिन्हावर छोटी बॅग दिसते, सुटीच्या दिवशी तो कप्पा थांबवता येतो. कंपनीला बाहेरचे फोटो, मेसेज किंवा कॉल दिसत नाहीत. नोकरी सुटली की तेवढाच कप्पा पुसला जातो. आयफोनवर अशाच कामासाठी युजर एनरोलमेंट आहे, आयओएस १३ पासून. हे लेखी सांगा आणि फोनवर दाखवा. याउलट, संपूर्ण फोन पुसण्याचा अधिकार मागणारी जोडणी कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या फोनवर लावणं अन्यायाचं आहे.

व्हॉट्सॲप बिझनेस नव्या फोनवर नेताना चॅट गेले. ते वाचवायचे कसे?

जुना फोन चालू असेपर्यंत तो पुसायचा नाही, ही पहिली अट. मग फोनांच्या जोडीवर अवलंबून आहे.

अँड्रॉइडवरून अँड्रॉइडवर किंवा आयफोनवरून आयफोनवर: जुन्या फोनवर व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये चॅट्स, तिथे ‘चॅट हस्तांतरित करा’, आणि नव्या फोनवर तोच नंबर टाकून क्यूआर कोडने जोडा. दोन्हींचं वायफाय चालू, फोन शेजारी, बॅटरी पुरेशी. गुगल ड्राइव्हच्या बॅकअपचा मार्गही आहे, पण तो बॅकअप आता गुगल खात्याच्या जागेत मोजतात. १५ जीबीची फुकट जागा भरली की बॅकअप थांबतो आणि कोणाच्या लक्षात येत नाही. शेवटच्या बॅकअपची तारीख पाहिल्याशिवाय त्यावर विसंबू नका.

अँड्रॉइडवरून आयफोनवर: ड्राइव्हवरचा बॅकअप आयफोन वाचू शकत नाही. आयफोन पहिल्यांदा सुरू करतानाच ‘मूव्ह टू आयओएस’ ॲपने व्हॉट्सॲप निवडून न्यावं लागतं. बरेच जण आधी आयफोन सजवतात, चार दिवस वापरतात आणि मग चॅट शोधतात. तेव्हा तो रिसेट करून पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

तीन गोष्टी आदल्या दिवशी बघून घ्या. दोन टप्प्यांच्या पडताळणीचा सहा अंकी पिन आठवतो का? तो विसरला आणि ईमेल दिलेला नसेल, तर सात दिवस थांबावं लागतं. बॅकअप एनक्रिप्ट (किल्लीशिवाय वाचता न येणारा) केला असेल तर त्याचा पासवर्ड किंवा ६४ अंकी कळ कुठे आहे? आणि नंबर कोणाच्या नावावर आहे? धंद्याचा नंबर कर्मचाऱ्याच्या नावावर असेल तर तो आधी बदलून घ्या. एकच नंबर साध्या व्हॉट्सॲपवर आणि बिझनेसवर एकाच वेळी चालत नाही. मुख्य फोन १४ दिवस वापरला नाही तर जोडलेले संगणक बाहेर पडतात.

संपर्कांचंही तसंच. ‘फोनमध्ये’ किंवा ‘सिमवर’ जतन केलेले नंबर खात्यासोबत येत नाहीत. संपर्कांच्या ॲपमध्ये नव्या नोंदीचं ठिकाण कंपनीचं खातं असं ठरवून द्या आणि जुन्या नोंदी तिथे हलवा.

ओटीपी देणारी ॲप्स आणि बँकेचं ॲप?

जुना फोन हातात असतानाच हलवा. गुगल ऑथेंटिकेटरमध्ये खाती क्यूआर कोडने बाहेर काढून नव्या फोनवर घेता येतात. मायक्रोसॉफ्टच्या ॲपचा अँड्रॉइडवरचा बॅकअप आयफोनवर उतरत नाही, उलटंही नाही, आणि कार्यालयीन खाती बहुधा पुन्हा नोंदवावीच लागतात. गुगल खात्याचे दहा राखीव कोड कागदावर काढून कपाटात ठेवा. बँकेचं ॲप फोनशी आणि सिमशी बांधलेलं असतं. नव्या फोनवर नोंदणी पगाराच्या किंवा कर भरण्याच्या दिवशी करू नका, कारण सुरुवातीला व्यवहाराची मर्यादा कमी असू शकते.

नूतनीकरण केलेला फोन घ्यावा का?

अपडेटची वर्षं उरली असतील तर खुशाल. पैसे देण्याआधी फोन रिसेट करून वायफायला जोडा आणि सुरुवातीचे पडदे पार करा. ‘हा फोन एका संस्थेच्या व्यवस्थापनाखाली आहे’ असं आलं तर लगेच परत करा. तो दुसऱ्या कंपनीच्या नावावर आहे आणि तुम्हाला सोडवता येणार नाही. *#०६# डायल करून आलेला १५ अंकी आयएमईआय खोक्याशी, बिलाशी आणि सेटिंग्जशी जुळवा. दोन सिमच्या फोनाला दोन आयएमईआय असतात, दोन्ही लिहा. आयफोनवर ‘कॅरिअर लॉक’ या ओळीत सिमवर निर्बंध नाही असं दिसायला हवं. बदललेले सुटे भागही ‘अबाउट’च्या पानावर कळतात.

बिल कोणाच्या नावावर?

संस्थेच्या नावावर, कर क्रमांकासह, प्रत्येक फोनच्या आयएमईआयसह. अनेक ठिकाणी धंद्यासाठी केलेल्या खरेदीला ग्राहक कायद्याचं पूर्ण संरक्षण मिळत नाही, म्हणून परतीची मुदत आणि दुरुस्तीच्या काळात बदली फोन मिळेल का, हे विक्रेत्याकडून लेखी घ्या.

वीस फोन घ्यायचे आहेत. एकदम घेऊ का?

आधी एकच घ्या आणि ज्याचं काम सगळ्यात दगदगीचं आहे त्याच्या हातात दोन आठवडे द्या. वर सांगितलेली दोन तासांची सूचना-परीक्षा, कॉल लावून पाहणं, प्रिंटर, कामाचं ॲप, संध्याकाळची बॅटरी, हे सगळं त्यात होऊ द्या. मग उरलेले एकाच मॉडेल क्रमांकाचे घ्या, वीसांना दोन जादा. एखादा फोन दुरुस्तीला गेला की तयार केलेला जादा फोन त्याच दिवशी माणसाच्या हातात पडतो. चार प्रकारचे फोन असतील तर चार प्रकारची सेटिंग्ज, कव्हरं आणि काचा सांभाळाव्या लागतात, आणि ते काम कोणा एकाच्या माथी येतं.

जुने फोन विकताना डेटा राहतो का?

अँड्रॉइड १० किंवा नंतरच्या आवृत्तीसह आलेल्या फोनांत आणि हल्लीच्या सगळ्या आयफोनांत साठवणूक एनक्रिप्ट केलेली असते, त्यामुळे सेटिंग्जमधून रिसेट केल्यावर किल्ली नष्ट होते आणि जुना डेटा वाचता येत नाही. मेमरी कार्ड मात्र रिसेटने पुसलं जाईलच असं नाही. ते आणि सिम हाताने काढा, ई-सिम पुसून टाका, आणि व्यवस्थापनाच्या यादीतून त्या फोनचं नाव उतरवा. ते राहिलं तर विकत घेणाऱ्याला फोन सुरूच करता येणार नाही.